पुलाला आलेला बाक

पूल पुन्हा वाकला. दुर्बीणबाईंनी चित्र थांबवलं, थोडं मागे नेलं आणि पुन्हा चालू केलं. नदीवरचा तो लोखंडी पूल पडद्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ जात होता. पण बाईंची नजर मधल्या खांबावर गेली की कठडा नेमका तिथेच खाली दबायचा आणि दबल्या जागी एक करडा डाग उमटायचा, काचेवर कुणी ओलं बोट टेकवावं तेवढा.

"दिसलं?" त्यांनी विचारलं.

खुर्चीमागे उभा असलेला एडिटर पुढे वाकला. ही फिल्म त्याने जोडली होती. दोन महिने त्याने तिच्यापायी घरचं बघितलं नव्हतं की दारचं. त्याने डोळे बारीक केले, मोठे केले, पडद्याला नाक लागेपर्यंत जवळ गेला. "सरळ आहे की हो, बाई."

"मग डोळे तपासून घे एकदा," बाई म्हणाल्या.

त्या स्टुडिओतून टीव्हीच्या चॅनेलकडे जाणारी प्रत्येक फिल्म आधी बाईंच्या खोलीतून जायची. खोली म्हणजे एक बिनखिडकीची कोठडी, भिंतींना काळसर रंग, समोर मोठा मॉनिटर आणि एक खुर्ची, जिच्यात बाईंशिवाय कुणी बसत नसे. फिल्म नीट उतरली आहे का, रंग बिघडला आहे का, चित्र अडखळतं का, हे बघायचं आणि "पाठवा" किंवा "थांबवा" म्हणायचं, एवढंच त्यांचं काम. एकदा त्यांनी एका मालिकेत नायिकेच्या मागच्या आरशात उभा असलेला लाइटवाला पकडला होता, तोही तिघा दिग्दर्शकांच्या नजरेतून सुटलेला. तेव्हापासून सगळे त्यांना दुर्बीणबाई म्हणत, आणि तेही तोंडावर. बाईंना ते आवडायचं. खऱ्या नावाने हाक मारली की त्यांना उगाचच आपलं काहीतरी चुकलं आहे असं वाटे.

"आता कुठे आहे डाग?" एडिटरने विचारलं. पडद्यावर एक म्हातारा इंजिनिअर पुलाची हकीकत सांगत होता.

"नाकावर."

"आणि आता?"

"आता कानावर." बाईंनी नजर कानावरून हनुवटीवर नेली. डाग हनुवटीवर आला. म्हाताऱ्याचा कान पुन्हा जागच्या जागी होता आणि हनुवटी पुसली गेली होती. "फिरता डाग आहे. म्हणजे तुझ्या फिल्ममध्ये नाही, प्लेअरमध्ये आहे. मी बघते. तू जा, चहा घे."

एडिटरचा जीव भांड्यात पडला नाही, तो दारातच घुटमळला. त्याच्या आधीच्या दोन फिल्म चॅनेलने परत पाठवल्या होत्या आणि ही तिसरीही अडकली तर दुसरीकडे बघ, असं मालकांनी त्याला सगळ्यांसमोर सांगितलं होतं. फिल्म संध्याकाळी सातच्या आत जायची होती. बाईंनी "थांबवा" म्हटलं की त्याचं इथलं बस्तान उठलं, हे दोघांनाही ठाऊक होतं. तो गेला.

बाई एकट्या उरल्या.

गेल्या आठवड्यात दुसऱ्याच एका फिल्ममध्ये हाच डाग त्यांना पहिल्यांदा दिसला होता. तेव्हा त्यांनी फाइलला दोष दिला आणि नवी फाइल मागवली. तिच्यातही डाग होता, पण त्या दिवशी घाई होती, त्या फिल्मचा एडिटर शपथेवर सांगत होता की सगळं ठीक आहे, म्हणून त्यांनी ती तशीच जाऊ दिली. चॅनेलकडून काही तक्रार आली नाही. खरं म्हणजे त्याचा आनंद व्हायला हवा होता. पण बाईंना त्या रात्री झोप लागली नाही.

एक गोष्ट मात्र त्यांनी घट्ट धरून ठेवली होती. घरी काही होत नव्हतं. घरी टीव्ही स्वच्छ दिसायचा, वर्तमानपत्र वाचता यायचं, बसचा नंबर लांबून कळायचा. त्यांचा नवरा शिंपी होता आणि त्याला आता जवळचं दिसत नसे. म्हणून रोज सकाळी कामावर निघण्यापूर्वी बाई त्याच्या सुयांमध्ये दिवसभर पुरेल एवढा दोरा ओवून ठेवत. आज सकाळीही त्यांनी सगळ्या सुया ओवल्या होत्या. डाग दिसायचा तो फक्त इथे, या मॉनिटरवर. मग दोष मशीनचाच असणार, दुसरं काय?

त्या सेटिंगमध्ये शिरल्या. एचडी चित्राचा भार मोठा असतो. तो कॉम्प्युटरने स्वतः उचलायचा की ग्राफिक्स कार्डावर टाकायचा, हे प्लेअरमध्ये ठरवता येतं. बाईंनी तो भार कार्डावरून काढला. चित्र जरा जड चाललं, पण पूल वाकलेलाच राहिला. मग त्यांनी ओळी जुळवण्याची पद्धत बदलली. ती चुकीची असली की सरळ रेघेला करवतीसारखे दात येतात. दात कुठेच नव्हते, नुसता बाक होता. त्यांनी चित्र आगाऊ साठवून ठेवायची वेळ वाढवली, पडद्याचा वेग फिल्मच्या वेगाशी जुळवला, चित्र ताणून बसवायचं बंद करून जसंच्या तसं दाखवायला सांगितलं. दर बदलानंतर त्या चित्र मागे नेत, पुलावर नजर रोखत, आणि दर वेळी पूल त्यांच्या नजरेखाली दबत असे.

यातल्या एकाही सेटिंगने असा डाग पडत नाही, हे त्यांना माहीत होतं. इतकी वर्षं हेच तर केलं होतं. चुकलेल्या सेटिंगने चित्र अडखळतं, फाटतं, फिकट पडतं, ठोकळे ठोकळे होतं. बघणाऱ्याच्या नजरेमागून फिरणारा डाग कुठल्या सेटिंगने पडणार? पण हात थांबवला असता तर विचार सुरू झाला असता आणि त्या विचाराच्या तोंडाशी आई बसलेली होती.

आई शेवटची वर्षं त्यांच्याकडेच होती. तिला एकदा वाटायला लागलं की हल्लीचे बल्ब चांगले येत नाहीत. मध्येच काळे पडतात म्हणे. जावयाने बल्ब बदलला. महिनाभराने तिने पुन्हा कुरकुर केली, त्याने पुन्हा बदलला. स्वयंपाकघरातला, मोरीतला, तिच्या पलंगावरचा. म्हातारीला बल्बचं वेड लागलंय म्हणून घरात हसण्यावारी नेलं सगळ्यांनी, बाईंनी तर सगळ्यांत जास्त. वर्षभराने आई ताट समजून पाटावर भात कालवायला लागली तेव्हा तिला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी डोळ्यांत बराच वेळ पाहिलं आणि मग वळून बाईंना विचारलं, "इतके दिवस काय करत होता तुम्ही?"

बाई म्हणाल्या होत्या, "बल्ब बदलत होतो."

लवकर आणलं असतं तर इंजेक्शनं देऊन बरंचसं वाचवता आलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. आईने ते ऐकलं आणि बाहेर पडताना जिन्यात फक्त एवढंच विचारलं, की मग ते बल्ब चांगले होते का गं?

बाईंनी सेटिंगची खिडकी बंद केली. त्यांनी मॉनिटरमागची केबल काढून कपाटातली नवी लावली. डाग होता. त्यांनी मालकांना हाक मारून साठवणीतला दुसरा मॉनिटर मागवला. मालक स्वतःच तो उचलून धापा टाकत आले. यंत्रातलं त्यांना ओ की ठो कळत नसे, पण बाईंच्या शब्दाबाहेर ते कधी गेले नव्हते. "दुर्बिणीत दिसलं म्हणजे असणारच," असं म्हणून त्यांनी मॉनिटर टेबलावर ठेवला आणि फोनवर बोलत निघून गेले. नव्या मॉनिटरवरही डाग होता. एकेक करून सगळे संशयित सुटत चालले होते, आणि एरवी अशा वेळी बाईंना शिकाऱ्याचा हुरूप यायचा. आज दर सुटकेला त्यांचे पाय गार पडत होते.

आता एकच राहिलं होतं. त्या फाइल घेऊन एडिटरच्या खोलीत गेल्या. तिथलं मशीन वेगळं, प्लेअर वेगळा, सगळंच वेगळं. त्यांनी खुर्ची ओढली, नेहमीसारखी मान किंचित तिरकी केली आणि पाहिलं. पूल वाकला.

"इथेही आहे?" एडिटरने विचारलं. त्याचा चेहरा उतरला. मशीनमध्ये नाही म्हणजे फिल्ममध्येच, असा त्याने सरळ अर्थ काढला होता. तो त्यांच्याजवळ येऊन उकिडवा बसला. "बाई, मला खरंच दिसत नाहीये. थांबा, तुम्ही डोळा मिटून बघता ना, तसं बघतो."

"मी कुठे डोळा मिटते?"

"म्हणजे काय? डावा मिटता की. सगळ्यांना माहितीये."

बाईंचा हात डाव्या डोळ्याकडे गेला. मग आठवलं. अगदी सुरुवातीला, टेपच्या जमान्यात, ज्या म्हाताऱ्या तपासनिसाच्या हाताखाली त्या शिकल्या, तो म्हणायचा की पडदा तपासताना डावा डोळा मिटावा. दोन डोळे एकमेकांची चूक झाकतात, एकट्या डोळ्याची चूक कुणी झाकत नाही. पहिले काही महिने त्या आठवणीने मिटत. मग डोळा आपोआप मिटायला लागला, आणि आपण तो मिटतो हे त्या पार विसरून गेल्या. घरी टीव्ही बघताना, सुई ओवताना तो कधी मिटला नव्हता. तो मिटायचा फक्त इथे, कामावर.

एडिटरने डावा डोळा मिटला आणि पुलाकडे बराच वेळ पाहिलं. "सरळ आहे, बाई," तो अगदी हळू म्हणाला. "आईशप्पथ सरळ आहे."

त्याला मागे सारून बाई उठल्या आणि आलेच म्हणून बाहेर पडल्या.

बाहेर लांब बोळ होता आणि बोळाच्या टोकाला जिन्याचं दार. पांढऱ्या चौकटीचं साधं दार. त्यांनी ते हजारदा पाहिलं असेल. डावा डोळा मिटून त्याच्याकडे बघायला एक क्षण पुरला असता. आठवडाभर तो क्षण त्या टाळत आल्या होत्या, हे त्यांना आता कळलं. बोळातल्या कुठल्याही दाराने, घरातल्या कुठल्याही खिडकीने त्यांना हे केव्हाच सांगितलं असतं. त्या भिंतीला टेकल्या. पळून जावं, मालकांना सांगावं की मशीन बिघडलंय, उद्या बघू. उद्या आणखी एखादी केबल बदलता येईल. परवा आणखी काही.

त्यांनी डावा डोळा मिटला.

चौकटीची उभी रेघ मधोमध आत वळली, कुणी दोरी ओढून धरावी तशी. दाराची मूठ नव्हती. जिथे मूठ असायला हवी तिथे तो डाग होता. त्यांनी घाईघाईने डावा उघडून उजवा मिटला. चौकट सरळ, मूठ जागेवर, मुठीवरचा ओरखडासुद्धा स्पष्ट. मग पुन्हा डावा मिटला. पुन्हा वाकली. तिसऱ्यांदा करून बघायचं धाडस त्यांना झालं नाही.

बाथरूममध्ये जाऊन त्यांनी तोंडावर पाणी मारलं. आरशात बघायचं त्यांनी टाळलं, कारण त्या डोळ्याने बघितलं असतं तर आपला चेहरा आपल्याला दिसणार नाही, ही भीती होती. नळ चालूच होता. आपण रडतोय की तोंडावरचं पाणी निथळतंय हे त्यांना नीटसं कळेना. त्या खूप घाबरल्या होत्या. आईला अशी भीती वाटली असेल का, की तिला कुणी भ्यायलासुद्धा वेळ दिला नाही, नुसते बल्बच दिले?

साडेपाचला त्या बाहेर आल्या तेव्हा मालक समोरच होते. चॅनेलवाले विचारताहेत, काय सांगू, पाठवायची की थांबवायची? एडिटर बोळात भिंतीला पाठ लावून उभा होता आणि त्याची मान खाली होती.

"मला एकदा पूर्ण बघू दे," बाई म्हणाल्या.

"इतका वेळ काय करत होता मग?" मालकांनी सहज विचारलं.

बाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. मग त्या म्हणाल्या, "सेटिंग बदलत होते."

त्या आपल्या खोलीत जाऊन बसल्या आणि दार लावून घेतलं. आधी त्यांनी जुना मॉनिटर परत जागेवर ठेवला, जुनी केबल लावली. मग प्लेअर उघडून दुपारपासून बदललेली एकेक गोष्ट पूर्ववत केली. चित्राचा भार कार्डावर दिला, ओळी जुळवण्याची पद्धत पहिल्यासारखी केली, वेग, साठवण, सगळं होतं तसं आणून ठेवलं. बिघडलेलं काहीच नव्हतं. जे बिघडवलं ते त्यांनीच. उद्या या खुर्चीत कुणी बसलं तर त्याला चित्र खरं दिसायला हवं. मग त्यांनी रुमालाची घडी करून उजव्या डोळ्यावर धरली आणि फिल्म पहिल्यापासून लावली.

डाव्या डोळ्याची सवय नव्हती, त्यामुळे मान दुखली आणि डोळ्याला पाणी सुटत राहिलं. पण त्यांनी एकही चित्र सोडलं नाही. जिथे शंका आली तिथे मागे जाऊन पाहिलं. आणि पाहता पाहता त्यांना कळलं की फिल्म चांगली झाली आहे. म्हातारा इंजिनिअर शेवटी एकटाच पुलावरून चालत जातो आणि मध्यावर थांबून कठड्यावर हात ठेवतो. त्या हातावरच्या शिरासुद्धा दिसत होत्या. कठडा सरळ होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

बाई बाहेर आल्या तेव्हा सातला थोडाच अवकाश होता. मालक आणि एडिटर दोघंही बोळात उभे होते.

"चित्रात दोष नाही," त्या म्हणाल्या. "पाठवून द्या."

एडिटरने मान वर केली. मालक मात्र चक्रावले. दुपारी तर डाग होता, दोन मॉनिटर झाले, मग तो गेला कुठे? बाईंनी एडिटरकडे पाहिलं. दोष मशीनमध्ये होता, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. कुणी उलटून विचारलं नसतं.

"डाग माझ्या डोळ्यात आहे," त्या म्हणाल्या. "मी याला उगाच दिवसभर टांगून ठेवलं. आणि उद्या मी येणार नाही. डॉक्टरकडे जायचंय."

मालक हसायला गेले. दुर्बिणीला चष्मा लागणार की काय, असं काहीतरी त्यांच्या ओठांवर आलं होतं, पण बाईंचा चेहरा बघून त्यांनी ते गिळलं. एडिटर पुढे झाला आणि बाईंची पर्स त्याने स्वतः आणून त्यांच्या हातात दिली. जिन्याशी पोहोचेपर्यंत तो त्यांच्या बरोबर चालत राहिला.

घरी नवरा मशीनशेजारी एका सदऱ्याला हाताने काज करत बसला होता. सकाळी ओवलेल्या सुया संपल्या होत्या. एक सुई हातात धरून तो दोरा पुढे नेत होता आणि दर वेळी दोरा सुईच्या बाजूने निसटत होता. त्याच्या डोक्यावर बल्ब जळत होता. तो आईने काढायला लावलेल्यांपैकी होता. तसले बल्ब त्यांनी फेकले नव्हते, खोक्यात घालून ठेवले होते, आणि आई गेल्यावर एकेक करून सगळीकडे वापरले. एकही खराब निघाला नव्हता.

"अगं, आलीस का? बरं झालं," नवरा म्हणाला. "हा बल्ब बघ ना, पार मंद झालाय. उद्या बदलून टाकू."

बाईंनी चप्पल काढली, पर्स खुंटीला अडकवली. त्यांनी वर बल्बकडे पाहिलं, दोन्ही डोळ्यांनी.

"नको," त्या म्हणाल्या. "बल्ब चांगला आहे, अहो. उद्या दुकान बंद ठेवा आणि माझ्याबरोबर चला."

"कुठे?"

त्यांनी त्याच्या हातातली सुई आणि दोरा घेतला, त्याच्या शेजारी स्टुलावर बसल्या. मग उजवा डोळा मिटून, दिव्याकडे सुई धरून, पहिल्याच झटक्यात दोरा ओवला. नवरा बघत होता. ती सुई त्यांनी सुया टोचायच्या उशीत खोचली आणि दुसरी घेतली.

"आईला जिथे नेलं होतं तिथे," त्या म्हणाल्या.

नवऱ्याचे हात सदऱ्यावर तसेच राहिले. बाई पुढची सुई ओवत होत्या. उद्याच्याच नव्हे, पुढच्या बऱ्याच दिवसांच्या सुया त्यांनी उशीतून उपसून मांडीवर घेतल्या होत्या.